अमेरिकेचा पंप आणि चार वर्षांचा अबोला

शनिवारी सकाळी रिसबूड सर दूध आणायला खाली उतरले, तेव्हा त्यांच्या गाडीचं मागचं डावं चाक पार बसलेलं होतं. त्यांनी डिकी उघडून स्टेपनी काढली, तर ती त्याच्याही आधी कधीतरी बसलेली निघाली. श्यामसुंदर रिसबूड एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यातला दाबाचा धडा तर ते असा रंगवून शिकवत की मधल्या सुट्टीची घंटा झालेली मुलांना कळत नसे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. त्यामुळे आपल्याच चाकातला दाब आपल्याला न विचारता निघून जावा, हे त्यांना जरा लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासिनीबाईंच्या भावाकडे मांजरी गावात वास्तुशांत होती. गाडी लागणारच होती.

"खाली खळदकरांकडे विजेवरचा पंप आहे," सुहासिनीबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "गाडीतच लावायचा, बटण दाबलं की हवा भरते. त्यांच्या आनंदने अमेरिकेहून पाठवलाय."

"असेल."

"मग मागा की."

सरांनी पेपर तोंडासमोर धरला. त्या घरात याचा अर्थ विषय संपला असा होता.

विषय संपायला कारण होतं. चार वर्षांपूर्वी कोथरूडच्या त्यांच्या मधुमालती सोसायटीत पाण्याची सभा झाली होती. पहिल्या मजल्यावरचे तात्याराव खळदकर उभे राहून म्हणाले, की मोटर-बिटर काही लागत नाही, नुसता मोठा पाइप टाका, पाणी आपोआप चौथ्या मजल्यापर्यंत चढेल, आपण चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली आहेत. त्यावर रिसबूड सरांनी खिशातून खडू काढला आणि पार्किंगच्या भिंतीवर गणित मांडून पाणी चढणार नाही हे सिद्ध केलं. तात्याराव म्हणाले, "मास्तर, तुमचं पाणी वहीत चढतं." सर म्हणाले, "आणि तुमचं कालव्यात उतरतं. खात्याला त्यासाठी काही करावं लागत नाही." लोक हसले. शेवटी पाइप टाकला गेला. पाणी पहाटे पाचला चौथ्या मजल्यावर धो धो यायचं आणि संध्याकाळी टिपूसही चढायचं नाही. तात्याराव पहाटे उठणारे आणि सर आठला, त्यामुळे दोघांनाही आपण जिंकलो असं रोज दिसत राहिलं.

तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. जिन्यात समोरासमोर आले की दोघंही भिंतीवरचे विजेचे मीटर वाचायचे. आता एवढ्या वर्षांनंतर भांडणाचं कारण जवळजवळ विरून गेलं होतं. उरला होता तो एकच प्रश्न, पहिला शब्द कोण काढणार. जो काढेल तो हरला, हे कुणी न सांगता ठरलं होतं. दोघांच्या बायकांनी मात्र हा पुरुषांचा खाजगी मामला धरून आपलं जाणं-येणं चालू ठेवलं होतं.

"तुम्ही नका मागू, मी मागते," सुहासिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही काही बोललात असं होत नाही."

सरांनी पेपर खाली ठेवून चपला घातल्या. पाच मिनिटांत सुहासिनीबाई एक काळी-पिवळी पिशवी घेऊन पार्किंगमध्ये आल्या.

"शकूवहिनी जरा विचारात पडल्या होत्या हो. तर आतून तात्यारावच म्हणाले, दे, दे, अगदी अवश्य दे. परवाच चालवलाय, उत्तम चालतो. फक्त जपून वापरा म्हणावं, आनंदला वाईट वाटायला नको."

"आणखी काय म्हणाले?"

"धायरीला मुलीकडे निघालेत दोघं. सहाला परत येतो म्हणाले, आणि सहानंतर मी स्वतः घरीच आहे."

तात्यारावांच्या अंगात एवढा मोठेपणा कुठून आला, याचं सरांना नवल वाटलं. पण चाक बसलेलं असताना माणूस फार खोलात जात नाही.

पंप जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा होता. वर हवेचा काटा, बाजूला नळी, आणि गाडीत सिगारेट पेटवायला जी खाच असते त्यात बसणारी लांब वायर. सरांनी नळी चाकाला लावली, वायर खाचेत बसवली, पंपावरचा लाल दिवा लागला. त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं आणि दाबून धरलं. आतून एक बारीक गुरगुर आली, मग जळकट वास आला, आणि मग तो वाससुद्धा थांबला.

अशा वेळी दुसऱ्या कुणी माणसाने पंप पिशवीत घालून परत दिला असता. पण सरांनी विजेची मोटर हा धडाही शिकवलेला होता. त्यांनी घरातून स्क्रूड्रायव्हर आणला, सहा स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आतून एक स्प्रिंग उडाली, सिमेंटवर दोनदा टुणटुणली आणि गटाराच्या जाळीतून खाली गेली.

गॅलरीतून सुहासिनीबाई म्हणाल्या, "मोडलात?"

"उघडलाय."

"तेच ते."

सर जाळीशी बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर संध्याकाळचे सहा उभे राहिले. आता खळदकरांचं दार वाजवावं लागणार, तात्याराव स्वतः दार उघडणार, आणि चार वर्षांतला पहिला शब्द आपल्याला काढावा लागणार, तोही माफीचा. तात्याराव काय म्हणतील तेही सरांना ऐकू आलं. ते रागावणार नाहीत. ते म्हणतील, "असू दे, मास्तर." त्या 'असू दे'ची सरांना फार भीती वाटली.

"मी सांगते शकूवहिनींना," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"नको. मग चार मजले म्हणतील, मास्तरांनी बायकोला पुढे केलं. एक छोटा भाग आणायचाय. बुधवार पेठेतून आणतो आणि बसवतो."

तपकीर गल्लीत विजेच्या सामानाच्या पहिल्या दुकानातल्या गृहस्थांनी पंपाकडे लांबूनच पाहिलं.

"काय आहे हे?"

"टायरमध्ये हवा भरायचा पंप आहे. चालत नाही."

"मग हवा भरणाऱ्याकडे जा."

"हवा भरायची नाहीये. पंप दुरुस्त करायचाय. स्प्रिंगही हवीय."

"आम्ही विकतो. दुरुस्ती करायची असती तर आम्ही विकलं कशाला असतं?"

ह्या वाक्याचा अर्थ सरांना गल्लीच्या टोकापर्यंत लागला नाही. टोकाला पंक्चरवाला होता. त्याने पंप हातात घेतला, हलवून कानाशी धरला आणि परत दिला.

"काका, हे यंत्र चाललं तर माझ्याकडे कोण येईल? आणि हे चालू करायला तुम्ही माझ्याकडेच आलात." पण माणूस वाईट नव्हता. सरांचा चेहरा पाहून तो म्हणाला, "मार्केट यार्डात जा. मागच्या गेटाबाहेर ट्रक लागतात तिथे कोंडीराम म्हणून आहे. ट्रकचे हॉर्न, वायपर, सगळं करतो. त्याच्या हातून बिघडलेलं मी तरी पाहिलं नाही."

कोंडीरामची टपरी कांद्याच्या ट्रकांच्या रांगेत, एका लिंबाखाली होती. समोर दोन स्टुलं, मध्ये एक ट्रकची बॅटरी आणि भोवती तारांची भेंडोळी. पन्नाशीचा कोंडीराम चष्मा कपाळावर चढवून बसला होता. सरांनी पिशवी उघडली तसा त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ह्यो परत आला व्हय?"

"परत म्हणजे?"

"पंधरा दिस झालं. एक बाबा घिऊन आलते. उंच, पांढरा शर्ट, पांढरी पँट. दर दोन वाक्यांला म्हनायचे, मी पाटबंधारे खात्यात व्हतो. पाव्हन्यासाठी हवंची गादी भरत व्हते म्हनं ह्याच्यानं. दीड तास न थांबता. मोटर जळून कोळसा. म्या म्हनलं, आठ दिसांनी या, जुन्या बाजारात दुसरी घावली तर बसवतो. तर म्हनले, नको. हाय तसा बंद करा, नि वरनं चांगला पुसून द्या."

सर स्टुलावर बसले. "आणखी काय म्हणाले?"

"म्हनले, कुनी ना कुनी मागायला येतंयच."

सरांच्या कानशिलांपर्यंत राग चढला. परवाच चालवला, उत्तम चालतो. अगदी अवश्य दे. सहानंतर मी स्वतः घरीच आहे. सकाळपासूनचं एकेक वाक्य आता त्यांना नीट ऐकू आलं. त्यांना वाटलं, असाच जाऊन दारात पंप आपटावा आणि सांगावं, मला सगळं कळलंय. पण म्हणजे पुन्हा पहिला शब्द आपलाच. शिवाय पंप उघडला होता आपण, आणि स्प्रिंग गटारात होती.

मग सरांच्या मनात एक विचार आला आणि त्यांना फार बरं वाटलं. तात्यारावांनी पंप मेलेला समजून दिला होता. तो जिवंत परत गेला तर ते काय म्हणणार? बिघडलेला होता म्हणून सांगायची सोय नाही, आणि चालतो कसा म्हणून विचारायचीही नाही.

"दुसरी मोटर मिळाली का हो?" त्यांनी विचारलं.

"घावलीया. स्प्रिंगबी घालतो. पर मोटर ट्रकातली हाय कसलीशी, जरा दनकट हाय. आवाज करंल."

"करू दे," सर म्हणाले. "चांगला करू दे."

साडेचारला सर परत आले. पार्किंगमध्ये त्यांनी आधी आपलं चाक आणि मग स्टेपनी भरली. पंपाचा आवाज असा झाला की दुसऱ्या मजल्यावरची कबुतरं चौथ्यावर गेली. सुहासिनीबाई गॅलरीत आल्या.

"झाला? तुम्ही केलात?"

ह्या ठिकाणी सरांना खरं सांगता आलं असतं. पण मुलाने अवघड प्रश्न विचारला की काय करायचं, हे एकतीस वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. "त्यात काय आहे," ते म्हणाले, "तत्त्व साधं आहे."

सुहासिनीबाईंच्या चेहऱ्यावर जे कौतुक दिसलं, ते सरांनी निवृत्तीच्या समारंभानंतर पाहिलं नव्हतं. त्यांनी ते मोडलं नाही.

पंप पुसून पिशवीत घातल्यावर सुहासिनीबाईंनी त्यात एक डबा सरकवला.

"हे काय?"

"नारळाच्या वड्या. शेजारची वस्तू आपल्या घरातून रिकामी परत जात नाही."

"पंप आहे तो. वाडगा नाही."

"वस्तू आहे ना? मग झालं."

सहाला सुहासिनीबाई पिशवी खाली देऊन आल्या, आणि दहा मिनिटांनी तात्याराव पंप घेऊन पार्किंगमध्ये उतरले. गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलमागे रिसबूड सर उभे होते. धायरीला दिवसभर तात्यारावांनी एक मोठ्या मनाचं भाषण तयार केलं असावं, कारण त्यांचा चेहरा फारच प्रसन्न होता. सर माफी मागायला येतील, त्याआधी एकदा बघून घ्यावं, म्हणून त्यांनी वायर आपल्या गाडीत लावली आणि सहज बटण दाबलं.

कबुतरं आता गच्चीवर गेली. तात्यारावांनी हात मागे घेतला. मग बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. त्यांनी पंप उलटा करून पाहिला, त्याचा वास घेतला, आणि शेवटी मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या टॉवेलकडे बघत राहिले. टॉवेल मुळीच हलला नाही.

"शकूवहिनी, चालतोय ना?" शेजारच्या खिडकीतून सुहासिनीबाईंनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे हाक दिली. "ह्यांनी जरा उघडून साफ केला हो."

ते चारही मजल्यांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीत ते मांजरीलाही ऐकू गेलं. सर पानावर बसून मान खाली घालून हसत होते, आणि लोकांना तो विनय वाटत होता.

मंगळवारी सकाळी शकूवहिनी डबा परत घेऊन आल्या. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते, कारण त्यांच्या घरातूनही काही रिकामं जात नव्हतं. दुसऱ्या हातात मिक्सर होता.

"परवापर्यंत छान चालत होता हो," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळपासून एकदम बंद. हे म्हणाले, दुसरीकडे कुठे नेऊ नकोस, सरांनाच दाखव, त्यांच्या हाताला गुण आहे."

"बघतात की," सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्यात काय. तत्त्व साधं असतं."

सरांनी मिक्सर उघडून आत टॉर्च मारली. आत पुष्कळ वस्तू होत्या. त्यांतली कुठली असायला हवी आणि कुठली नको, हे सांगता येईना. "हं," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं, मिक्सर पिशवीत घातला आणि एक छोटा भाग आणून येतो म्हणून बाहेर पडले.

कोंडीराम त्यांना लांबूनच पाहून हसला.

"या, या. सकाळधरनं तुमचीच वाट बघतूय."

"माझी? कशाला?"

"ते पाटबंधारेवाले बाबा काल आलते ना. मिक्सर घिऊन. पंप म्याच केला, त्ये बी इचारून घेतलं. म्हनले, चालू हाय, बंद करून द्या. पर असा करा, की मास्तराला जन्मात घावायचा न्हाय."

सरांनी पिशवी खाली ठेवली. "आणि तुम्ही केलात?"

"गिऱ्हाइकाचं काम हाय, सर. इतक्या वर्सांत बिघडवायचं काम कदी घेतलं न्हवतं, पर मन लावून केलं. दोन तारा इकडच्या तिकडं केल्यात, नि एक चकती काढलीया." त्याने डबीतून एक पितळी चकती काढून सरांच्या तळहातावर ठेवली. "ही बघा. तुमच्यासाठीच जपून ठिवली."

सर त्या चकतीकडे पाहत होते, तेवढ्यात ट्रकांच्या रांगेतून पांढरा शर्ट आणि पांढरी पँट येताना दिसली. तात्यारावांच्या हातात पिशवी होती आणि तिच्यातून इस्त्रीची वायर लोंबत होती. टपरीपासून चार पावलांवर ते थांबले. मागे वळायला जागा नव्हती, कारण मागे ट्रक लागत होता. सरांनी सवयीने मीटर शोधायला भिंतीकडे पाहिलं, पण टपरीला भिंतच नव्हती.

कोंडीरामने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "वळखता व्हय एकमेकांस्नी?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.

"मग बसा की. अनोळखी मानसांनी बोलायला काय हरकत न्हाय. म्या चा सांगतो."

दोघं दोन स्टुलांवर बसले. चहा आला. कोंडीरामने मिक्सर उघडून त्यात डोकं घातलं. सर मनातल्या मनात त्याचं म्हणणं तपासत होते, आणि त्यांना त्यात एकही चूक सापडेना. अबोला आहे तो तात्याराव खळदकरांशी. आत्ताच दोघांनी साक्षीदारासमोर सांगितलं की आम्ही एकमेकांना ओळखत नाही. अनोळखी माणसाशी बोललं तर कुणी पहिला बोलला असं होत नाही. तात्यारावांच्याही डोक्यात तेच चाललं असावं, कारण ते चहाच्या ग्लासाला उद्देशून म्हणाले, "आपण कुठले?"

"कोथरूड. आपण?"

"मीही तिकडचाच. पाटबंधारे खात्यात होतो."

"असं का. आमच्या सोसायटीत एक आहेत त्या खात्यातले. अतिशय आगाऊ गृहस्थ. लोकांना मेलेले पंप देतात."

"असतात असे," तात्याराव शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे एक मास्तर आहेत. दुसऱ्याने केलेली दुरुस्ती आपल्या नावावर खपवतात. आणि भिंतीवर खडूने लिहितात."

"लिहिलेलं चुकलं होतं का?"

तात्यारावांनी चहाचा एक घोट घेतला. "गणित नव्हतं चुकलं. संध्याकाळी पाणी चढत नाही, हे मलाही दिसतं. पण चार माणसांत असं बोलू नये हो. त्या गृहस्थांचा मुलगा दुसऱ्या दिवशी अमेरिकेला निघाला होता. मुद्दाम वडिलांचं भाषण ऐकायला मागे उभा होता. लोक हसले तेव्हा तोही हसला."

ट्रकमधून कांद्याची पोती उतरत होती. सर ती पोती मोजत राहिले. आनंद त्या सभेत होता, हे त्यांना आज कळलं होतं, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"तुमच्या त्या गृहस्थांना एक सांगाल का," ते शेवटी म्हणाले. "मास्तरांना मुलगा तिथे आहे हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी खडू खिशातून काढलाच नसता. आणि आणखी एक सांगा. मास्तरांनी मागे एकदा गजर लावून पहाटे पाचला उठून, चौथ्या मजल्यावर जाऊन पाहिलं होतं. पाणी चढतं."

तात्यारावांनी पहिल्यांदाच मान वळवून सरांकडे पाहिलं. "कधी?"

"तीन वर्षं झाली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं मास्तरांनी?"

"ते बोलत नाहीत ना."

"हां," तात्याराव म्हणाले. "ते आहेच." त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला, खरं तर त्यातला चहा केव्हाच संपला होता. मग ते म्हणाले, "सांगतो मी त्यांना. भेटले तर."

कोंडीरामने मिक्सर फिरवून दाखवला आणि बाजूला ठेवला. मग त्याने तात्यारावांच्या पिशवीतून इस्त्री काढली, बॅटरीशेजारी ठेवली आणि तिच्याकडे एखाद्या अवघड दुखण्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"ही नाजूक हाय," तो म्हणाला. "बिघडवायला आठ दिस लागत्याल. दोगंबी पुढच्या मंगळवारी या."

दोघांनीही ते लगेच मान्य केलं.

स्वारगेटला बस बदलताना तात्यारावांनी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. कोथरूडपर्यंत त्यांनी सरांना अमेरिकेतल्या आनंदच्या घराची, त्याच्या नोकरीची आणि त्या हवेच्या गादीची सगळी हकीकत सांगितली. गादी अर्ध्या रात्रीत बसली आणि पाहुणे सकाळी फरशीवर सापडले, हे ऐकून सर इतके हसले की पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं. बसमधून उतरून दोघं बोलत बोलत सोसायटीच्या कोपऱ्यापर्यंत आले. तिथे तात्याराव थांबले.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी पाच मिनिटांनी येतो. आपण इथे बोलत नाही."

"बरोबर," सर म्हणाले.

सुहासिनीबाई गॅलरीतच उभ्या होत्या. सर वर आले, मिक्सर ओट्यावर ठेवून त्यांनी तो एकदा फिरवून दाखवला. सुहासिनीबाईंनी पुन्हा कौतुकाने पाहिलं आणि मग म्हणाल्या, "अहो, तात्याराव कोपऱ्यावर भाजीच्या गाडीपाशी उगीचच उभे आहेत. भाजीही घेत नाहीत. बरं नाहीये की काय त्यांना? विचारता का जाऊन?"

"मी? मुळीच नाही," सर म्हणाले. "आमचा अबोला आहे."

त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. जरा वेळाने पेपरामागूनच विचारलं, "आपला टेबलफॅन कसा चालतोय?"

"चांगला चालतोय. का?"

"मंगळवारी काढून ठेव. बिघडायला आलाय."